अर्ध्या पाण्यापर्यंत

राळेगावच्या कचेरीतून आदेश आला
तेव्हा सोयाबीन काढणीला होता.
मोरेश्वर वाढईला माझ्याच डोंग्यात बसवलं.
दोन शिपाई, एक पिशवी, मोबाईलचा चार्जर.
पलीकडच्या तडीवर उतरवून दिला
आणि कागदावर माझी सही घेतली : पोहोचवला.
तडीपार म्हणतात ते असं.
तोवर मला वाटायचं, नुसता शब्द आहे.

दोन वर्षं. अख्खा यवतमाळ जिल्हा बंद.
उरलेला देश उघडा,
हिंगणघाट, नागपूर, मनात आलं तर थेट काश्मीर.
तो कुठंच गेला नाही.
समोरच्याच वावरात जागलीला राहिला,
जिथून आमच्या गावची पाण्याची टाकी दिसते,
आणि डोळे चांगले असतील
तर टाकीखाली कोण उभं आहे तेही.

कागदात लिहिलं होतं,
याच्या दहशतीने साक्षीदार उघड पुढे येत नाहीत.
म्हणून बंद खोलीत दोन जबाब.
साक्षीदार अ. साक्षीदार ब.
नाव नाही, धंदा नाही, वय अंदाजे.
पानठेल्यावर लोकांनी अ लगेच ओळखला :
रेतीवाला देशकर, दुसरा कोण!
ब वर अजून पैजा लागतात, खर्ऱ्याच्या.
मी पैज लावत नाही.

नात माझी, आचल, भरतीचा अभ्यास करते.
डोंग्यात बसून मोठ्यानं घोकते :
भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क.
मग श्वास घेऊन :
सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध.
"आबाजी, वाजवी म्हंजे किती?"
मला एकच वाजवी ठाऊक.
माणसाले दहा, सायकलले पाच,
बाळंतिणीले काही नाही.

"अन् सर्वसाधारण जनता कोण?"

मी बांबू तळाला टेकवला, खोल आहे का पाहायला.
खोल नव्हतं.

रात्री रेतीच्या ट्रॅक्टरपुढं आडवा पडायचा तो हाच.
देशकरचे मजूर मी पार करतो म्हणून
माझ्या डोंग्याच्या साखळीला कुलूप ठोकणाराही हाच.
सव्वीस दिवस.
मी ह्या तडीवर, माझं गिऱ्हाईक त्या तडीवर,
मधे माझीच नदी आणि किल्ली ह्याच्या खिशात.
एकदा पिऊन आला, माझ्यादेखत बांबू मोडला,
दुसऱ्या दिवशी रडत नवा आणून दिला.
सगळंच खरं.
जबाबात अर्धंच मावलं.
साहेब म्हणाले, बाकीचं कशाला.

पार्बताबाई दर शुक्रवारी डबा घेऊन येते.
ज्वारीची भाकर, आळण, जवसाची चटणी.
तिला कुणी अडवलेलं नाही, तिनं कुणाचं काही मोडलं नाही.
ती त्या तडीवर बसून त्याचं जेवण बघते,
आणि परतताना तोही डोंग्यात बसतो,
अर्ध्या पाण्यापर्यंत.
मग कपड्यांसकट उडी.
भिजलेलं डोकं लहान होत जातं
आणि म्हातारी रिकामा डबा मांडीवर घट्ट धरते,
जणू डबाच वाहून जाईल.

आता चैत्र. पाणी घोट्याएवढं, बाकी रेती.
डोंगा वाळूवर उपडा पडलाय.
म्हातारीला दिसत नाही, मी हात धरून चालवतो,
तो मागून येतो, बोलत नाही.
पहिल्याच शुक्रवारी विचारलं त्यानं,
"हद्द कुठं हो, उरकुडाभाऊ? पान्याचा अर्धा का रेतीचा?"
नदी कोरडी पडल्यावर काय करायचं
ते कागदात नव्हतं.
"तुमची नदी. तुमीच सांगा."

मी बांबू रोवला.
रोवला तिथं जिल्हा.
तेव्हापासून दर शुक्रवारी तो तिथवर येतो,
आईच्या पाठीवर एकदा हात ठेवतो, फिरतो.

परवाच्या शुक्रवारी
मी बांबू दोन हात गावाकडं रोवला.
कोणाला कळणार होतं?
म्हातारीला दिसत नाही, शिपाई ऊन टाळतात.

त्यानं बांबूकडं पाहिलं.
मग माझ्याकडं, बराच वेळ.
आणि जुन्याच जागेवर थांबला.